परदेशी गिऱ्हाईक आणि उधारीचा माल

आपला भंडारा हा धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि काही मिलमालक, शेतकरी उत्पादक कंपन्या आता निर्यातीचा विचार करताहेत. आज बोलायचं आहे ते त्यांच्या पैशाच्या सुरक्षिततेबद्दल.

तुमसरच्या व्यापाऱ्यानं पैसे थकवले, तर त्याच्या दुकानात जाऊन बसता येतं. दुबईच्या व्यापाऱ्याकडे कसं जाणार? यासाठीच केंद्र सरकारनं 1957 साली निर्यात जोखीम विमा महामंडळ काढलं. आज ते ईसीजीसी म्हणून ओळखलं जातं. खरेदीदाराचं दिवाळं निघालं, त्यानं पैसे बुडवले, किंवा त्याच्या देशात युद्ध पेटून पैसे अडकले, तर पॉलिसीप्रमाणे नुकसानीचा मोठा भाग भरून मिळतो. दर्जाच्या वादाचं मात्र तसं नाही. तो आधी तुम्हालाच निकाली काढावा लागतो. म्हणून ओलावा आणि तुकड्याचं प्रमाण करारातच लिहून घ्या.

हा विमा चालतो माहितीवर. माल चढवण्याआधी खरेदीदाराचं नोंदणीतलं नेमकं नाव, पत्ता आणि बँक कळवा, त्याची पतमर्यादा मंजूर करून घ्या. देय तारखेनंतर 30 दिवसांहून जास्त थकलेली रक्कम दर महिन्याच्या विवरणात दाखवा. मुदत परस्पर वाढवून देऊ नका. संबंध बिघडतील या धास्तीनं गप्प राहिलात, तर दावाच फेटाळला जाऊ शकतो.

तुम्ही दिलेली खबर दुसऱ्या निर्यातदारालाही वाचवते. त्याच खरेदीदाराला उद्या गोंदियाचा कुणी माल पाठवणार असेल, तर विमा संस्था वेळीच सावध होते. देशोदेशींच्या अशा संस्था 1934 साली स्थापन झालेल्या बर्न युनियनमध्ये आपले अनुभव एकमेकींना सांगतात. हाँगकाँग ब्रिटिश वसाहत असताना 1966 साली तिथंही निर्यात विमा महामंडळ निघालं आणि पुढे तेही या संघटनेत आलं. वसाहतीला स्वतःच्या वकिलाती नव्हत्या. परदेशी बाजाराची खात्रीची खबर इतरांकडून मिळणं तिच्या व्यापाऱ्यांसाठी फार मोलाचं होतं. भंडाऱ्यातल्या लहान मिललाही तीच गरज आहे.

तेव्हा पहिला कंटेनर भरण्याआधी बँकेत आणि ईसीजीसीकडे चौकशी करा. पैसे थकले, तर त्याच महिन्यात लेखी कळवा.