टायर निवडताना



बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायची झाली, म्हणजे आपला शेतकरी चांगला लोहार शोधतो, लोखंड पारखतो, धाव चाकावर घट्ट बसली की नाही ते ठोकून पाहतो. पण मोटारसायकलचा टायर झिजला की तोच शेतकरी दुकानात जाऊन म्हणतो, "असेल तो दे रे, गाडी चालली म्हणजे झालं." बैलगाडी तासाला चार-पाच किलोमीटर चालणार आणि मोटारसायकल साठ! मग अधिक चौकशी कोणत्या चाकाची करायला हवी? आज याच चौकशीविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे.

सरावली असो, कासा असो की तलासरी, आपल्या डहाणू-तलासरीच्या मुलखात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पाड्यावरच्या शाळेत जाणारे गुरुजी, चिकूच्या करंड्या बांधून निघालेला बागाईतदार, आजारी माणसाला मागे बसवून दवाखाना गाठणारा भाऊ, सगळ्यांचा भरवसा दोन चाकांवर. आणि त्या चाकांचा रस्त्याला टेकणारा भाग केवढा? चाकामागे सुमारे तळहाताएवढा. पुढे एक तळहात, मागे एक तळहात. दोन माणसे, गाडी, ओझे, वेग आणि ऐनवेळी मारलेला ब्रेक, हे सगळे त्या दोन तळहातांवर तोललेले असते. म्हणून टायरची निवड ही शोभेची गोष्ट नव्हे.

पहिली गोष्ट समजून घेऊ. गाडीचा भार मुख्यत्वे रबर उचलत नाही, आतली कोंडलेली हवा उचलते. रबराचे काम रस्ता पकडण्याचे. हवेवर चालणाऱ्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली नोंदवली होती. पण ती लोकांच्या वापरात आली, ती १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवल्यानंतर. आपल्याकडची गंमत पाहा. आज टायरसाठी नावाजलेल्या एमआरएफ या कंपनीचा आरंभ १९४६ साली मद्रासजवळ खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाला. मुंबईला भांडुपच्या सिएट कारखान्याची उभारणी १९५८ नंतरची. फुगा काय किंवा टायर काय, हवा नीट कोंडून ठेवणे हेच मूळ तत्त्व.

आता दुकानात गेल्यावर काय पाहायचे? टायरच्या बाजूवर अक्षरे आणि आकडे उमटवलेले असतात. ते टायरचे आधारकार्डच समजा. एखाद्या टायरवर १००/९०-१७ ५५पी असे लिहिलेले आहे. यातले १०० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे बाजूची उंची ही रुंदीच्या शेकडा नव्वद, म्हणजे ९० मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ५५ हा भाराचा अंक. त्याचा अर्थ हा टायर २१८ किलोपर्यंत भार पेलतो. आणि पी हे वेगाचे अक्षर. त्याची मर्यादा तासाला १५० किलोमीटर. जुन्या पद्धतीत रुंदीही इंचांत लिहीत, जसे २.७५-१८. असे टायर अजूनही मिळतात.

यातला भाराचा अंक फार थोडे लोक पाहतात. म्हणून एक हिशेब करू. शिक्षकबंधूंनी तो वर्गात फळ्यावर मांडला तरी चालेल. समजा गाडी ११२ किलोची. गुरुजी ६५ किलोचे, मागे बसलेल्या बाई ५५ किलोच्या आणि पाठीमागे बांधलेले तांदळाचे पोते २५ किलोचे. एकूण झाले २५७ किलो. डबल सीट आणि मागे ओझे असले म्हणजे सुमारे दोन तृतीयांश भार मागच्या चाकावर येतो. म्हणजे जवळजवळ १७१ किलो. आता २.७५-१८ या एकाच मापात भाराचा अंक ४२ असलेला टायर मिळतो आणि ४८ असलेलाही मिळतो. ४२ ची मर्यादा १५० किलो, ४८ ची १८० किलो. माप एकच, रिमवर दोन्ही सारखेच बसतील. पण पहिला टायर त्या ओझ्याखाली रोज मर्यादेच्या वर राबेल, तापेल आणि एक दिवस दगा देईल. म्हणून मागच्या चाकाला मागचाच टायर मागावा आणि अंक स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावा. ही मर्यादाही हवा पुरेपूर भरलेली असेल तेव्हाची. हवा कमी, की मर्यादा कमी.

दुसरा प्रश्न नक्षीचा. दुकानात तरुण मुलगा मोठमोठ्या गोट्यांची नक्षी पाहून खूश होतो. डोंगरातल्या गाडीसारखी गाडी दिसते ना! पण नक्षी दिसण्यासाठी नसते. टायर आणि डांबर यांच्यामध्ये आलेले पाणी बाहेर सारायला ती खाच असते. कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर खाचांची गरज जवळजवळ नाही. आपल्या भागात मात्र जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, आणि त्यावर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर सांडलेला असतो. तेव्हा खाचा सलग आणि खोल असलेला टायर हवा. मोठ्या गोट्यांचा टायर चिखलात चांगला. पण ओल्या डांबरावर गोट्यांमधली जागा रिकामी राहते, रबर कमी टेकते आणि ब्रेक मारला की गाडी लवकर सरकते. ज्याचा रोजचा निम्मा रस्ता कच्चा आहे, त्याने मध्यम नक्षीचा टायर घ्यावा. ज्याचा पाड्यापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे, त्याने साध्या रस्त्याच्या नक्षीचाच घ्यावा.

आता थोडे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांविषयी. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या चारोटी-तलासरीवरूनच जातो. मोठ्या इंजिनाच्या गाड्या घेऊन शंभर-दोनशे किलोमीटर एका दमात जाणारे लोक तिथे रोज दिसतात, आणि आपल्याकडच्या तरुणांनीही अशा गाड्या घेतल्या आहेत. या गाड्यांना रेडियल टायर असतात. साध्या टायरमध्ये आतले धागे एकमेकांना तिरके छेदत जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांवर पट्टा असतो. त्यामुळे वेगात टायर कमी तापतो. म्हणून ज्या गाडीला कंपनीने रेडियल दिले आहे, तिला रेडियलच घालावे. पुढे एका जातीचा आणि मागे दुसऱ्या जातीचा असा संसार कंपनीने सांगितल्याखेरीज मांडू नये.

अशा गाडीला टायर निवडताना मोह होतो तो शर्यतीच्या मऊ टायरचा. मऊ रबर रस्ता चांगले पकडते, हे खरे. पण शर्यतीचा टायर तापल्यावर काम करतो. पावसाळी पहाटे गाडी काढून तलासरीच्या बाजारापर्यंत जाणाऱ्या माणसाचा टायर तापतच नाही. आणि मऊ रबर झिजतेही लवकर. याच्या उलट अगदी कडक टायर वर्षानुवर्षे टिकतो, पण ओल्या रस्त्यावर तो निसरडा. यावर उपाय म्हणून प्रवासी वेगवान गाड्यांसाठी दुहेरी रबराचा टायर निघाला आहे. त्याच्या मधल्या पट्ट्यात कडक रबर, दोन्ही बाजूंना मऊ. महामार्गावर सरळ जाताना मधला भाग झिजतो, म्हणून तो टिकाऊ. कासा-जव्हारकडच्या वळणांवर गाडी कलते तेव्हा बाजू टेकते, म्हणून ती पकड घेणारी. रबरात सिलिका मिसळलेला टायर थंड आणि ओल्या रस्त्यावर चांगला. लांब पल्ल्याच्या माणसाने हाच प्रकार मागावा. किमतीचा हिशेबही नीट करावा. टायर किती रुपयांचा, एवढेच पाहू नये. रुपयांना किलोमीटरांनी भागावे. स्वस्त टायर निम्मेच अंतर धावला, तर तो स्वस्त कसला?

आणखी एक मोह रुंद टायरचा. मागचे चाक जाडजूड दिसावे म्हणून पुष्कळ जण एक-दोन मापे मोठा टायर चढवतात. अरुंद रिमवर रुंद टायर आवळला जातो, त्याचा गोलावा बिघडतो. गाडी वळायला जड होते, टायर चेनला किंवा मडगार्डला घासू शकतो आणि रस्त्यावरची पकड वाढण्याऐवजी घटूही शकते. कंपनीने जे माप ठरवले, ते हजार वेळा तपासून ठरवले आहे. त्याच मापाला चिकटून राहावे.

टायर जुना की नवा, हे कसे ओळखाल? बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ असे असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. दुकानात दोन-तीन वर्षे उन्हात टांगलेला टायर नवाकोरा दिसला तरी घेऊ नये. ऊन आणि हवा यांनी रबर वाळते, बारीक तडे जातात. शाळेच्या अंगणात दिवसभर उन्हात गाडी उभी करणाऱ्यांनी तिला झाडाची सावली द्यावी, ती याचसाठी. त्याबरोबर आयएसआय खूणही पाहावी. दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७ हे भारतीय मानक आहे.

आणि काढायचा केव्हा? नक्षीच्या खाचेत तळाशी रबराचे लहानसे आडवे उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे दाखवायला बाजूवर बाण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला. दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे मोटार वाहन नियमही सांगतात. पण आपल्या पावसात तिथवर थांबूच नये. महामार्गावर फार धावणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. मागचा टायर मधोमध झिजून चपटा झाला, तर कडेला नक्षी दिसत असली तरी वळणावर गाडी डगमगते. बाजू फुगलेला, आतले धागे दिसू लागलेला टायर तर त्याच दिवशी काढावा. गुळगुळीत टायरवर नव्याने खाचा कोरून विकणारे भेटतात. तो टायर फुकट दिला तरी घेऊ नये. कोरताना खालचे रबर पातळ होते आणि जिवाशी गाठ पडते.

नवा टायर बसवताना तीन गोष्टी. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेकडे असावा. आऱ्यांचे ट्यूबचे चाक असेल, तर नव्या टायरात जुनी, ठिगळे लावलेली ट्यूब घालू नये. आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी सावकाश चालवावी. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो घासला गेल्यावरच पकड येते.

त्यानंतर राहिली हवा. गाडी थंड असताना, आठवड्यातून एकदा, काट्यावर मोजून भरावी. पुढे किती, मागे किती, डबल सीटला किती, हे गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात लिहिलेले असते. अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणू नये. अंगठ्याला वीस आणि तीस यांतला फरक कळत नाही. वाल्वच्या टोपीला कमी लेखू नये. ती धूळ आणि पाणी बाहेर ठेवते.

शिक्षकबंधूंना एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांना एक दिवस शाळेबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर वाचायला सांगा. माप, भार, वेग, आठवडा, साल, सगळे वहीत उतरवू द्या. अपूर्णांक, शेकडेवारी आणि भागाकार यांचा तो धडा होईल. मुले ते घरी जाऊन सांगतील आणि बापाच्या गाडीचा टायर पाहतील. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, हेही त्यांना सांगा. ऐकणारा मुलगा आज ना उद्या स्वतः गाडी चालवणार आहे.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. मृगाचा पाऊस दारात आल्यावर पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे रांग लागते आणि उरलेसुरले पदरात पडते. मे महिन्यातच, कामांची घाई सुरू होण्याआधी, चाकाजवळ दहा मिनिटे बसा. खाचा पाहा, आकडे वाचा, बाजू चाचपा. रस्ता कोणता, ओझे किती, पाऊस किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मनाशी ठरवा आणि मगच दुकानात जा. दुकानदार नाव सांगेल, तुम्ही अंक मागा. दुसऱ्या कशातही काटकसर करा, पण या दोन तळहातांत करू नका.