क्षयावरील औषधांची वर्गवारी

२४ मार्च १८८२ या दिवशीं रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु जगासमोर मांडला. त्यानंतर पांचच वर्षांनीं, १८८७ सालीं, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास क्षयानेंच वारल्या. तेव्हां त्यांचें वय अवघें २१ वर्षांचें होतें. शत्रूचें नांवगांव वैद्यकास कळलें होतें. परंतु त्याजवर चालविण्यास शस्त्र नव्हतें. तें हातीं येण्यास जवळजवळ ६० वर्षें लागलीं. तोंपर्यंत चांगली हवा, सकस अन्न व विश्रांति एवढ्यावरच रोग्याची भिस्त असे.

१९४३ सालीं अमेरिकेंत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शॅट्झ यांस मातींतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालें. त्याच सुमारास स्वीडनमध्यें लेमान यांनीं पॅस हें औषध पुढें आणलें, आणि १९५२ सालीं आयसोनायझिडचा गुण कळून आला. या तिसऱ्याची कथा मोठी चमत्कारिक आहे. हें द्रव्य प्राग येथें १९१२ सालींच तयार झालें होतें. तें क्षयावर चालतें कीं काय हें कोणीं पाहिलेंच नाहीं, आणि तें ४० वर्षें तसेंच पडून राहिलें! तेवढ्या काळांत किती घरें ओस पडलीं याचा हिशेब कोण मांडणार?

एकट्या स्ट्रेप्टोमायसिननें रोगी आरंभीं झपाट्यानें सुधारे. परंतु कांहीं महिन्यांत पुष्कळांचा रोग पुन्हां उलटे. याचें कारण असें कीं, फुप्फुसांतील कोट्यवधि जंतूंमध्यें थोडे मुळांतच त्या औषधास दाद न देणारे असतात. बाकीचे मेले कीं त्यांना रान मोकळें मिळतें. दोनतीन औषधें एकदम दिलीं, म्हणजे एकाच्या तावडींतून निसटलेला जंतु दुसऱ्याच्या हातीं सांपडतो. क्षयावरील औषधांचा सारा विचार या एका गोष्टीभोंवतीं फिरतो. कोणतें औषध कोणाच्या जोडीला द्यावयाचें, हें ठरविण्यासाठींच वर्गवारी लागते.

पहिल्या फळींत चार औषधें आहेत. आयसोनायझिड भराभर वाढणाऱ्या जंतूंस मारतें. रिफाम्पिसिन हें झोंपेंत असलेल्या व मधूनच जागे होणाऱ्या जंतूंसहि गांठतें. पायराझिनामाइड आम्ल जागीं दडून बसलेल्यांचा समाचार घेतें. एथॅम्ब्यूटॉल मारण्यांत मंद खरें, पण सोबत्यांस दाद न देणारे जंतु माजूं नयेत म्हणून तें पहारा करतें. भारतांत दोन महिने हीं चारहि, व पुढें चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकीचीं तीन देतात. रिफाम्पिसिननें लघवी नारिंगी होते. ती पाहून घाबरणारीं व गोळ्या सोडून देणारीं माणसें आहेत. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र एथॅम्ब्यूटॉल घेतांना दृष्टि मंदावली किंवा तांबडा-हिरवा रंग नीट ओळखेनासा झाला, अगर कोणत्याहि गोळ्यांनीं डोळे पिवळे दिसूं लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसहि लावूं नये.

आयसोनायझिड व रिफाम्पिसिन या दोहोंसहि जंतु जुमानीनासे झाले, कीं दुसरी फळी उभी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पांच गटांच्या यादींत पहिल्या फळीच्या लगोलग सुयांचा मान होता: कॅनामायसिन, अमिकासिन, कॅप्रिओमायसिन. या सुया महिनेच्या महिने टोंचून घ्याव्या लागत, आणि कित्येकांचे कान त्यांपायीं कायमचे गेले. प्राण राखण्यासाठीं ऐकणें गमवावयाचें, हा सौदा जगानें फार काळ मुकाट्यानें चालूं दिला.

२०१८ सालीं संघटनेनें हा क्रम पार बदलला. आतां अ गटांत लेव्होफ्लोक्सासिन किंवा मॉक्सिफ्लोक्सासिन, बेडाक्विलिन व लिनेझोलिड हीं आहेत. ब गटांत सायक्लोसेरिन व क्लोफाझिमिन येतात. यांतील क्लोफाझिमिन मूळचें क्षयासाठींच डब्लिन येथें तयार झालें, कुष्ठरोगावर नांवारूपास आलें, आणि आतां माहेरीं परतलें आहे. उरलेलीं क गटांत. अमिकासिन तेथें खालीं बसलें. कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन यांची तर शिफारसच थांबली.

बेडाक्विलिनला अमेरिकेंत २०१२ च्या अखेरीस परवानगी मिळाली. पोटांत घेण्याची ही गोळी सुयांची जागा घेऊं शकत होती, परंतु ती महाग होती. आणि उत्पादक कंपनीस भारतांत आपल्या पेटंटची मुदत वाढवून हवी होती. २०१९ सालीं दोन तरुण स्त्रियांनीं त्यास हरकत घेतली. एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. दोघीहि क्षयांतून वांचलेल्या, आणि दोघींचेंहि ऐकणें औषधोपचारांत गेलेलें. मार्च २०२३ मध्यें भारतीय पेटंट कार्यालयानें कंपनीचा अर्ज फेटाळला.

आतां बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लोक्सासिन या चौकडीनें अशा रोग्यांपैकीं पुष्कळांचा उपचार सहा महिन्यांत आटोपतो. पूर्वीं दीड वर्ष वा अधिक काळ लागे. संघटनेनें ही योजना २०२२ सालीं व भारत सरकारनें २०२४ सालीं मान्य केली. कोणाच्या वांट्यास कोणती फळी यावी हें थुंकीवरून ठरतें. जंतु रिफाम्पिसिनला दाद देतो कीं नाहीं, हें यंत्र सुमारें दोन तासांत सांगतें. म्हणून पहिली गोळी घेण्यापूर्वींच ही तपासणी मागून घ्यावी.