उपवास आणि उपासमार



आमच्या बारामती-इंदापूर भागांत उपवास हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. मोरगांवचा मयूरेश्वर बारामती तालुक्यांतला, म्हणून चतुर्थी घरोघर पाळली जाते. तुकोबारायांची पालखी दरवर्षीं बारामतीवरून इंदापुरास जाते, म्हणून एकादशीचें महत्त्व लहान मुलांसही ठाऊक असतें. रमजानांत मुसलमान शेजारी पहांटे उठून रोजा धरतात. अशा वस्तींत जो थोडा ख्रिस्ती समाज आहे त्याला कोणी ना कोणी केव्हां तरी विचारतोच, "तुमच्यांत उपास असतात कां हो?" प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर देतांना चांगला शिकलेला ख्रिस्ती गृहस्थही घुटमळतो. तें घुटमळणें कशामुळें, आणि ख्रिस्ती जीवनांत उपवासाचें काम तरी कोणतें, ह्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रभु येशूनें स्वतः रानांत चाळीस दिवस उपवास केला. शिष्यांस मात्र त्यानें वार, तिथि किंवा वर्ज्य पदार्थ ह्यांपैकीं कांहींच नेमून दिलें नाहीं. तुम्ही उपवास कराल हें त्यानें गृहीत धरलें, आणि एवढेंच बजावलें कीं, उपवास करणारानें उदास चेहऱ्यानें हिंडूं नये. डोक्यास तेल लावावें, तोंड धुवावें, म्हणजे ही गोष्ट स्वर्गांतील पित्याला कळेल, आळीला कळणार नाहीं. पुढें मंडळीनें नियम बांधले. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. मधले ६ रविवार आनंदाचे म्हणून वजा केले कीं ४० उरतात. हा हिशेब शाळेंत मुलांस घालण्यासारखा आहे. रोमन कॅथलिक मंडळींत हे नियम पूर्वीं फार कडक होते. पोप सहावे पॉल ह्यांनीं १९६६ मध्यें ते बरेच सैल केले. आतां राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे राहिले आहेत, आणि त्या दिवशीं एक पूर्ण जेवण व दोन अल्पाहार चालतात. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें हा नियम अठरा वर्षें पूर्ण झालेल्यांपासून साठावें वर्ष लागेपर्यंतच्या माणसांस लागू आहे. म्हणजे आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांना तेथेंही सुटी!

आम्हां प्रॉटेस्टंट मंडळींत तर नियमच नाहीं, आणि माझ्या मतें पहिली अडचण येथेंच आहे. मनुष्याचें तारण देवाच्या कृपेनें होतें, उपाशी राहून तें विकत घेतां येत नाहीं, ही धर्मसुधारणेच्या काळापासूनची शिकवण. ती खरीच आहे. परंतु आपल्याकडे तिचा एक विलक्षण परिणाम झाला. जुनें घर सोडून जे मंडळींत आले त्यांनीं एकादशी सोडली, आणि एकादशीबरोबर उपवासही उंबरठ्याबाहेर ठेवला. पुण्याच्या हिशेबाचा उपवास नको, इतकें ते शिकले. मग कोणत्या हिशेबाचा हवा, हें फारसें कोणीं शिकविलें नाहीं. स्वातंत्र्य मिळालें कीं मनुष्य जेवतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी अडचण जिभेची. "एकादशी दुप्पट खाशी" ही म्हण कांहीं केवळ हिंदु घरापुरती नाहीं. शुक्रवारीं मटण वर्ज्य म्हणून पापलेट तळून घेणारा ख्रिस्ती आणि साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याची आमटी ओरपणारा आमचा शेजारी, हे दोघे सख्खे भाऊच होत. तिसरी अडचण प्रदर्शनाची. लहान गांवांत उपवास लपवणें कठीण, आणि लपला तर करणाराच्याच पोटांत गुदगुल्या होतात. आतां कित्येक ठिकाणीं तरुणांस सांगतात कीं, चाळीस दिवस अन्न सोडूं नका, मोबाईल सोडा. सोडावा, डोळ्यांस विश्रांति मिळेल. पण त्यानें वाचलेलें कोणाच्या ताटांत पडत नाहीं, हें लक्षांत असूं द्यावें.

ताटाची गोष्ट निघाली म्हणून मुख्य मुद्द्याकडे येतों. उपवास आणि उपासमार हे दोन शब्द दिसावयास जवळचे, पण त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. उपवास करणाराच्या डब्यांत पीठ असतें. उपासमार झालेल्याच्या डब्यांत तें नसतें. हें अंतर पंडिता रमाबाईंइतकें कोणीं भोगलें असेल असें मला वाटत नाहीं. त्यांचें केडगांव आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यांत, सुप्याहून फार लांब नव्हे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान्. व्रतें, अनुष्ठानें, तीर्थयात्रा, दानधर्म हें सर्व त्या कुटुंबांत यथासांग चाललेलें होतें. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला तेव्हां गांठचें सर्व संपलें. अंगमेहनतीची संवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेवलें आहे कीं, रानांत पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर ह्यांवर त्या कुटुंबानें अकरा दिवस व अकरा रात्री काढल्या. त्या दुष्काळानें त्यांचे वडील नेले, आई नेली, पुढें वडील बहीणही गेली. १८८३ मध्यें त्यांनीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हां ह्याच बाई मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी आल्या.

भूक ही स्वतः पवित्र वस्तु आहे असें रमाबाईंस कोणीं सांगितलें असतें तर त्यांनीं तें ऐकून घेतलें असतें असें मला वाटत नाहीं. भुकेनें मनुष्य शुद्धच होतो असें नाहीं. पुष्कळदां तो नुसता मरतो. म्हणून ख्रिस्ती उपवासाचा विचार करतांना यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाशीं यावें लागतें. तेथें लोक देवाकडे तक्रार करतात कीं, आम्ही उपवास करतों आणि तूं पाहात नाहींस. उत्तर येतें तें असें कीं, उपवासाच्या दिवशींही तुम्ही मजुरांस राबवितां. भुकेल्यास आपल्या भाकरींतून वांटा द्या, बेघरास घरांत घ्या, हाच मला आवडणारा उपवास. दुसऱ्या शतकांत रोम येथें लिहिलेल्या हर्मासच्या ग्रंथांत तर ह्याचा चक्क जमाखर्च सांगितला आहे. ज्या दिवशीं उपवास कराल त्या दिवशीं भाकरी व पाणी घ्या, नेहमींच्या जेवणास काय पडलें असतें त्याचा आंकडा काढा, आणि तेवढी रक्कम विधवेस, पोरक्यास किंवा गरजूस द्या. मला हा मार्ग फार पसंत आहे. त्यांत भावनेचा घोळ नाहीं. जो उपवास दुसऱ्याच्या पानांत भाकरी होऊन पडत नाहीं त्यास मी पथ्य म्हणेन; वैद्याच्या सल्ल्यानें तेंही अवश्य करावें.

ही केवळ पुराणांतलीं वांगीं नव्हेत. जर्मनींतल्या कॅथलिक बिशपांनीं १९५८ मध्यें ठरविलें कीं, उपवासकाळांत वाचविलेला पैसा जगांतील भूक व रोग ह्यांच्या निवारणासाठीं गोळा करावा. त्यांतून मिझेरेओर नांवाची संस्था निघाली. ती आजही दर उपवासकाळांत वर्गणी जमविते. आपल्या देशांत मिझोरामच्या ख्रिस्ती बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ बाजूस काढतात आणि तो मंडळीच्या कामीं देतात. आमच्या बारामतीकडेही एक गोष्ट झाली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पाऊस वारंवार हुलकावणी देत असतां तांदुळवाडी वगैरे ठिकाणीं पाझर तलावांचीं कामें निघालीं. बारामतीच्या ऑस्ट्रेलियन मिशनच्या बाई व कासा ही ख्रिस्ती मदतसंस्था ह्यांच्या साह्यानें तेथें मजुरांस मजुरी म्हणून धान्य मिळालें. तें धान्य कोणाच्या उपवासांतून आलें होतें असें माझें म्हणणें नाहीं. पण भुकेल्यास अन्न मिळालें, त्याची मान खालीं गेली नाहीं, आणि मागें जमिनींत पाणी राहिलें. देणाराचा हात कसा असावा, ह्याचा हा उत्तम नमुना होय.

आतां आजच्या बारामती-इंदापूरकडे पाहा. नीरा डाव्या कालव्याखालीं ऊंस डोलतो, आणि त्याच तालुक्यांच्या जिराईत गांवांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ह्या कारखान्यांचें गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होतें, आणि बीडकडून ऊंसतोडणीचीं माणसें बैलगाड्या घेऊन येतात. कोपींत राहणारी, पहांटेच्या थंडींत फडांत उतरणारी ती बाई शिळी भाकरी फडक्यांत बांधून नेते. उपवासकाळ लागतो तेव्हां ती आपल्या देवळापासून मैल-दोन मैलांवर असते. तिला कोणताही उपवास शिकविण्याची गरज नाहीं.

म्हणून ख्रिस्ती कुटुंबांस, आणि खरें म्हणजे ज्यांच्या घरीं कोणताही उपवास होतो त्या सर्वांस, मी एक गणित घालतों. राखेच्या बुधवारानंतर उत्तम शुक्रवार धरून ७ शुक्रवार येतात. घरांत चौघें मोठीं माणसें असतील व त्यांनीं त्या रात्रींचें जेवण सोडलें, तर २८ जेवणें शिल्लक पडतात. तोडणीच्या एका कोयत्याचें, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचें, हें चौदा रात्रींचें अन्न झालें. मधुमेह असलेल्यांनीं, गरोदर बायकांनीं, औषधें चालूं असलेल्या म्हाताऱ्यांनीं जेवण सोडूं नये. त्यांनीं चहा-साखर किंवा रविवारचें मटण सोडावें. आंकडा तेवढाच निघतो. ज्वारी, डाळ, तेल घ्यावें तें ताजें घ्यावें, उरलेसुरलें नेऊं नये. आणि देतांना कृपा करून छायाचित्र काढूं नये. कोपीवर कोणाचें नांव सांगण्याचीही गरज नाहीं. मुकादमास विचारलें म्हणजे कोणत्या कोपींत आजारी मनुष्य आहे, कोठें तान्हें मूल आहे, हें तो सांगतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कित्येक घरांत असा विचार असतो कीं, डबा भरूं द्यावा आणि उत्तम शुक्रवारीं एकदम द्यावा. तसें करूं नये. पुनरुत्थानाचा सण कधीं मार्चच्या अखेरीस येतो, तर कधीं एप्रिल उलटत आला तरी येत नाहीं, आणि कारखान्याचें गाळप पुष्कळदां त्याच्या आधींच संपतें. धान्य दर आठवड्यास पोंचवावें. उशीर केला तर गाड्या परत गेलेल्या असतात, आणि कोप्यांच्या जागीं काळे पडलेले चुलींचे दगड तेवढे सांपडतात.