निष्कर्षाबरोबर रीतही हवी



आजचे आमचे बोलणे एका चित्रापासून सुरू होते. मध्ये एक उभी रेघ, तिच्याभोवती सात आडव्या रेघा आणि खाली शंकरपाळ्यासारखी एक आकृती. कॉक्रेन या वैद्यकीय संस्थेचे हे बोधचिन्ह. अपुऱ्या दिवसांत बाळंत होऊ पाहणाऱ्या स्त्रीला स्टेरॉइडचे स्वस्त इंजेक्शन दिले, तर बाळ वाचते काय, हा प्रश्न. एकेक आडवी रेघ म्हणजे एकेक प्रयोग. रेघ मधल्या रेघेला छेदून गेली, की त्या एकट्या प्रयोगावरून काही ठरत नाही. यांतल्या बऱ्याच रेघा तशाच आहेत. पण सर्वांची मिळून होणारी शंकरपाळी स्वच्छ डावीकडे पडते, म्हणजे गुणाच्या बाजूला.

पहिला प्रयोग न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी केला व 1972 मध्ये छापला. सगळ्या प्रयोगांची पद्धतशीर बेरीज मात्र 1989 पर्यंत कोणी छापली नाही. कागद ग्रंथालयांत होते आणि बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना त्यांचा पत्ता नव्हता. त्या सतरा वर्षांत किती अर्भके हकनाक गेली असतील, ते मनात आणवत नाही.

1993 मध्ये ही संस्था निघाली ती अशी बेरीज सतत चालू ठेवण्यासाठी. तिचे ग्रंथालय संगणकावर आले आणि 2007 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या खर्चाने ते आपल्या देशातील सर्वांना खुले झाले. शिवाय पुरावा शोधावा कसा, पारखावा कसा, कोणता प्रयोग का बाजूला ठेवावा, हे सांगणारी संस्थेची मोठी पद्धतिपुस्तिका कोणालाही फुकट वाचता येते. आमच्या मते या भांडारातला सर्वांत मोलाचा ऐवज हाच. पण तो उघडणारे थोडे.

तो न उघडता भागत नाही, हे पुढच्या हकीकतीवरून दिसते. औषध गुणकारी ठरले, तेव्हा ते खेड्यापाड्यांपर्यंत न्यावे, असे ठरले. सहा देशांत मोठा प्रयोग झाला. आपल्याकडची ठिकाणे बेळगाव आणि नागपूर. निकाल 2015 मध्ये आला. कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू घटले नाहीत. उलट सर्व नवजातांचे मिळून मृत्यू हजारी सुमारे साडेतीनांनी वाढले, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गही अधिक दिसला.

मग जुने प्रयोग खोटे होते काय? नव्हते. ते बहुतेक सुसज्ज इस्पितळांत झाले होते. खेड्यात दिवस नेमके किती गेले हेच पुष्कळदा कळत नाही. त्यामुळे इंजेक्शन घेतलेल्या पुष्कळ स्त्रियांना पुढे चांगल्या वजनाची मुले झाली; त्यांना औषधाची गरजच नव्हती. आणि लवकर जन्मलेल्या बाळाला ऊब व श्वासाचा आधार देणारी सोय जवळ नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा प्रयोग केला. भारतासह पाच देशांतली इस्पितळे, दिवस अल्ट्रासाउंडने मोजलेले, बाळाच्या शुश्रूषेची व्यवस्था असलेली. 2020 मध्ये निकाल आला: सुमारे पंचवीस स्त्रियांना औषध दिले की एक बालक वाचते. गुण दिसल्यामुळे प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला.

औषधाचा वर्ग तोच, आणि निकाल उलटे. तालुक्याच्या डॉक्टरने नुसती शंकरपाळी पाहिली असती तर तो फसला असता. प्रयोगातल्या स्त्रिया कोण होत्या, दिवस कसे मोजले, बाळाला पुढे काय मिळाले, हे त्याने विचारायला हवे. आणि ते विचारायचे कसे, हे त्या पुस्तिकेत आहे.

अडचण भाषेची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्सबाई दिवस मोजते, इंजेक्शन देते, नोंदवहीही तीच भरते. इंग्रजीतली ती जाडजूड पुस्तिका ती कधी वाचणार? आमचे मागणे लहान आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी तीतला ‘हा निष्कर्ष आपल्या रोग्याला लागू पडतो काय’ एवढाच भाग सोप्या मराठीत उतरवावा, आणि छापण्यापूर्वी तो एका नर्सबाईंकडून वाचून घ्यावा. जिथे त्या अडतील, ते वाक्य पुन्हा लिहावे.