पीकराखणीची बंदूक



पोहरा-मालखेडच्या जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत, त्या चांदूर रेल्वेकडच्या शेतकऱ्यांना जागल म्हणजे काय हे मी सांगायला नको. हरभरा वर आला की रोही येतात, तुरीत डुकरं शिरतात. मग कोणाच्या तरी आजोबाच्या भरमार बंदुकीची आठवण निघतेच.

त्या भरमारीत नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे घालून गजानं ठासावं लागे. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत कळप पलीकडच्या वावरात! बारा बोअरच्या बंदुकीत हाच सगळा मसाला काडतुसात तयार मिळतो. बारा हे माप जुनं, इंग्रजी. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा जिच्यात नेमका बसेल ती ही नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.

नळी एकच, पण काडतुसं अनेक, आणि घोळ तिथंच होतो. सहा नंबरच्या काडतुसात अडीच मिलिमीटरच्या आसपासचे अडीचशेहून जास्त छर्रे असतात. ते तितरासाठी. एलजी नावाच्या काडतुसात मोठे, नऊ मिलिमीटरच्या घरातले, मोजके छर्रे. सहा नंबर डुकरावर झाडलं तर डुक्कर मरत नाही, पिसाळतं, आणि सकाळी तूर कापायला आलेल्या बाईच्या अंगावर जातं. एलजी झाडलं तर चुकलेला छर्रा धुऱ्यापलीकडं जागलीला बसलेल्या माणसाला गाठू शकतो. अंधारात उभ्या तुरीमागं कोण आहे, हे बॅटरीच्या उजेडातही कळत नाही. म्हणून माझं मत विचाराल तर रात्री वावरात बंदुकीचा आवाज तेवढा कामाचा, आणि आवाज फटाक्याचाही होतो.

कायद्याचंही थोडं. 1959च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. पण तो बंदूक बाळगण्याचा परवाना झाला, जनावर मारण्याचा नव्हे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं डुक्कर किंवा रोही मारायचं, तर 1972च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. हौसेनं तितर-ससा मारणं तर सरळ गुन्हाच.

आता तुम्ही म्हणाल, तो कागद हातात पडेपर्यंत हरभरा राहील का? रास्त आहे. डुकरं कागदासाठी थांबत नाहीत, आणि ही परवानगी तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांत मिळायला हवी, हे मागण्यात काही चूक नाही. तोवर नुकसान झालं की वावर नांगरण्याआधी पंचनामा करून घ्या. भरपाईचा अर्ज त्यावरच उभा राहतो.