शरणपूरची प्रार्थना आणि संविधानाची संमती

नाशिकमधील ख्रिस्ती शालेय उपासनेचा विचार शरणपूरपासून करावा लागतो. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मप्रसारक संस्थेने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या या वस्तीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुले अक्षरओळखीबरोबर सामुदायिक प्रार्थनाही शिकत. त्यांपैकी जेकब वेनराइट याने, १८७३ मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे आफ्रिकेत निधन झाल्यावर, त्यांचे हृदय पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली; शाळेत रुजलेल्या उपासनेचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

त्या निराधार मुलांच्या संमतीचा विचार मात्र तेव्हा फारसा झाला नसावा, आणि हे विसरता कामा नये. आज संविधानाचे कलम ३० अल्पसंख्याकांना, म्हणजे धर्माने किंवा भाषेने संख्येने कमी असलेल्या समाजांना, स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क देते. तर कलम २८ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत त्याच्या संमतीशिवाय सहभागी करून घेता येत नाही. म्हणून शाळेतील प्रार्थनाकक्ष, अर्थात शांत चिंतनासाठी राखलेली जागा, ऐच्छिकच असली पाहिजे, आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास संमती पालकांची लागते.