मधल्या वयातलं मरण टळलं, तेव्हा



सरासरी आयुर्मान वाढलं, असं आपण बातम्यांत ऐकतो.
ते वाढतं कशानं?

चला, फिनलंडला जाऊ.
पूर्वेकडचा उत्तर कारेलिया प्रांत.
जंगलांचा, दूधदुभत्याचा मुलूख.

1970 च्या सुमारास तिथले लाकूडतोडे, शेतकरी,
चांगले धडधाकट गडी,
चाळिशी-पन्नाशीतच हृदयविकारानं जात होते.
लोकांनीच सरकारकडे मदत मागितली.

1972 मध्ये काम सुरू झालं.
प्रमुख होते पेक्का पुस्का, एक तरुण डॉक्टर.
त्यांनी गावोगावच्या गृहिणींच्या मंडळांना हाताशी धरलं.
मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.
लोणी कमी झालं. भाज्या वाढल्या. मीठ बेतानं पडू लागलं.
रक्तदाब मोजला जाऊ लागला.
अनेक पुरुषांनी सिगारेट सोडली.

पुढच्या साडेतीन दशकांत
कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू
ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले.
फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यूही उतरले.

आता हिशेब ऐका.
नव्वदीतल्या मृत्यूनं सरासरी फारशी ढळत नाही.
पंचेचाळिशीतला मृत्यू मात्र पुढची तीस-पस्तीस वर्षं घेऊन जातो.
म्हणून सांगते,
मधल्या वयातले मृत्यू टळले, की आयुर्मान झपाट्यानं वाढतं.

फिनलंडच्या पुरुषांचं आयुर्मान 1970 च्या सुमारास साधारण 66 वर्षं होतं.
आज ते 79 च्या आसपास आहे.
त्यात हृदयविकार घटल्याचा वाटा मोठा.

श्रोतेहो, घरात कुणी पस्तिशी ओलांडली असेल,
तर याच आठवड्यात त्यांचा रक्तदाब मोजून घ्या.